ॲथलोनची फायनल आणि माझी स्टीलची पट्टी

आयर्लंडहून परत येऊन मला तीन आठवडे झाले. नेलेल्या सगळ्या वस्तू परत आल्या, एक सहा इंची स्टीलची पट्टी सोडून. लोक भेटायला येतात आणि विचारतात, समुद्राचे कडे पाहिले का, किल्ले पाहिले का. मी सांगते, बास्केटबॉल पाहिला. मग ते चहाचा कप खाली ठेवतात आणि उन्हाळा यंदा लवकर लागला म्हणतात. शेवटी म्हटलं, लिहूनच काढावं, कागद काही विषय बदलत नाही.

मी नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवली. त्याच काळात विद्यापीठाच्या बास्केटबॉल सामन्यांत टेबलावर बसून स्कोअरशीटही लिहिली. ह्या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही, पण सामना संपल्यावर भांडण झालं की सगळे आमच्याकडेच धावतात. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनानं, दुसरा आणि चौथा निळ्यानं, आणि रेघ ओढायची ती पट्टीनं. आयुष्यात मी एवढं तरी नीट केलं, असा माझा परवापर्यंत समज होता.

लिक्सलिप

माझा मुलगा निखिल लिक्सलिपला कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कारखान्यात आहे. तिथं धुळीचा एक कण चालत नाही, म्हणून हे लोक डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे चढवून बारा-बारा तास उभे राहतात. घरी आल्यावर मात्र मोजे सोफ्यावर पडलेले असतात. सून मानसी पुण्याची. तिचं ऑफिस चेरीवूडला, म्हणजे डब्लिनच्या पार दुसऱ्या टोकाला. रोज दीड तास जायला आणि तेवढाच यायला, आणि तरी ती मला सांगते की नागपूर फार लांब पडतं.

नात ईशा. दोन वर्षांची असताना तिकडे गेली, आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मराठी तिला सगळं कळतं. उत्तर इंग्रजीत येतं, तेही तिथल्या चालीत, प्रत्येक वाक्य शेवटी जिना चढल्यासारखं. इतर आज्या नातवंडांना श्लोक शिकवतात. मी तिला उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत धंतोलीच्या मैदानावर एकच गोष्ट शिकवली: तुझा फाउल झाला की पंचाकडे बघायचं आणि हात वर करायचा. पंचानं शोधत बसायचं नाही.

ह्या ईशाच्या संघाची हंगामाअखेरची स्पर्धा ॲथलोनला होती. पूर्व विभागातले पहिले चार कॉलेज-संघ, शनिवारी सेमीफायनल, रविवारी फायनल. ईशा कॅप्टन. मागची दोन्ही वर्षं तिचा संघ फायनलमध्ये हरला होता, आणि पुढच्या वर्षी ती कॉलेजात नसणार. हे एकदा जिंकलं की पुन्हा आयुष्यात चेंडू हातात धरला नाही तरी चालेल, असं ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. म्हणताना ती बुटाच्या नाड्यांकडे बघत होती, म्हणून मला ते खरं वाटलं.

निखिलची शिफ्ट होती. मानसी, ईशा आणि मी अशा तिघी निघालो.

ॲथलोन, शुक्रवार

वाटेत आयर्लंड दिसतो तो असा: हिरवं, हिरवं, गाय, हिरवं. गायी इतक्या धष्टपुष्ट की आपल्याकडची गाय त्यांच्या शेजारी उभी केली तर तिला लाज वाटेल. ॲथलोन देशाच्या अगदी मध्यावर आहे. शॅनन नावाची मोठी नदी गावातून वाहते आणि काठावर किल्ला आहे. रामटेकजवळच्या नगरधनच्या किल्ल्यात हा किल्ला एका कोपऱ्यात मावेल, पण बाहेर पाटी, तिकीट, भेटवस्तूंचं दुकान असा सगळा थाट. आपल्या किल्ल्यात एवढं आवरलेलं काही दिसलं तर आपण घाबरून परत येऊ.

आमची राहण्याची सोय ब्रीडा नावाच्या बाईंच्या घरी होती. वय माझ्याएवढंच, नवरा नाही, खोल्या चार, आणि पावसावर बोलण्याची क्षमता अमर्याद. दारातच त्यांनी चहा विचारला. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं. एव्हाना मला गोऱ्या लोकांचा अनुभव होता. निखिलच्या शेजाऱ्यांकडच्या एका जर्मन बाईनं माझं पहिलं 'नको' ऐकून किटली आत नेली होती, आणि मी तासभर कोरड्या घशानं बसले होते. पण ब्रीडाबाई हटल्या नाहीत. 'अगं, घे गं थोडा' असा काहीसा त्यांचा सूर होता. मी दुसऱ्यांदा नको म्हटलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, मग मी 'बरं, अर्धाच' म्हटलं आणि त्यांनी कप काठोकाठ भरला. मला भरून आलं. सात समुद्रांपलीकडे एक तरी माणूस नीट वाढलेलं होतं.

मानसीला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "आई, पुण्यात आम्ही पहिल्यांदाच हो म्हणतो." पुण्यात दुसऱ्यांदा विचारतात तरी का, हे मी तिला विचारलं नाही. तीन दिवस एकाच खोलीत काढायचे होते.

शनिवार

नाश्त्याला टोस्ट, घेवड्याच्या दाण्यांची गोडूस उसळ, मश्रूम आणि बटाटा. मी मांस खात नाही कळल्यावर ब्रीडाबाईंनी मोठ्या करुणेनं आणखी एक बटाटा वाढला.

निघण्याआधी शेजारच्या काकूंनी मला नागपुरात बजावलं होतं की तिकडच्या कॉलेज-सामन्यांना पन्नास हजार माणसं येतात, टीव्हीवर पाहिलंय. ते अमेरिकेत. ॲथलोनच्या हॉलमध्ये मी पंचेचाळीस माणसं मोजली आणि एक कुत्रा. त्यातले अर्धे खेळाडूंचे आईबाप. कोपऱ्यात चहाचं टेबल होतं आणि ते कोणी मांडलं होतं? ब्रीडाबाईंनी. त्यांची भाची पूर्वी कधी तरी खेळत असे. भाची ऑस्ट्रेलियाला गेली, चहा राहिला.

सामन्याच्या वीस मिनिटं आधी ईशाचे कोच डेक्लन घामाघूम होऊन आले. ह्या स्पर्धेचा नियम असा की टेबलावरचं काम दोन्ही संघांनी वाटून घ्यायचं, एकानं घड्याळ आणि बोर्ड बघायचा, दुसऱ्यानं स्कोअरशीट लिहायची. माणूस दिला नाही तर सामना सोडल्याचं धरतात. ईशाच्या संघाचा स्कोअर लिहिणारा मुलगा चुलतभावाच्या लग्नाला गेला होता, आणि हे त्यानं सकाळी मेसेज करून कळवलं होतं. तिकडे लग्न वर्षभर आधी ठरतं, पण ते लक्षात येतं त्याच दिवशी.

ईशानं माझ्याकडे बोट दाखवलं.

मी नियम सांगितला. मी कॅप्टनची सख्खी आजी आहे, मला टेबलावर बसता येणार नाही, समोरच्या संघाचा आक्षेप येईल. नागपूरला असं झालं असतं तर मी पेनाचं टोपण काढायच्या आत तीन सह्यांचा अर्ज आला असता. पंच होते फिअरगल नावाचे एक उंच गृहस्थ. ते म्हणाले, "यू आर ग्रँड," म्हणजे काही हरकत नाही. मी समोरच्या कोचकडे गेले. तीही म्हणाली ग्रँड. हा ह्या देशाचा राष्ट्रीय शब्द आहे. पाऊस पडला तरी ग्रँड, हाड मोडलं तरी ग्रँड, नियम मोडला तर फारच ग्रँड. मी पर्समधून लाल पेन, निळं पेन आणि पट्टी काढली. नातीच्या सामन्याला ही सामग्री घेऊन काहून गेली असं कोणी विचारेल. सवय.

सेमीफायनल ईशाचा संघ नऊ गुणांनी जिंकला. सामना संपल्यावर मी शीट बंद करत होते आणि ईशा घामानं निथळत शेजारी येऊन उभी राहिली. जे जे रिकामं राहिलं, त्या प्रत्येक जागेवर मी पट्टीनं रेघ मारत गेले. सगळ्यात खाली एक छोटी चौकट असते: निकालाविरुद्ध तक्रार करायची असेल तर कॅप्टननं तिथं सही करायची. मी तिच्यावरही रेघ मारली. इकडे असं कोणी करत नाही, असं ईशा हसत म्हणाली.

"रिकामी जागा ठेवायची नाही बेटा," मी म्हटलं. "कोणी मागून काही भरून देते. रेघ मारली की विषय संपला."

तिनं पट्टी उचलून बोटांवर वाजवली आणि परत ठेवली.

रविवार

फायनल हिरव्या जर्सीवाल्या संघाशी. घड्याळ आणि बोर्ड त्यांच्या ऑरला नावाच्या मॅनेजरबाईकडे होता. ती गणितात एम.ए. करत होती आणि सतत गाजर खात होती. मुलगी शांत. आमचं जमलं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की एका खेळाडूचे पाच फाउल झाले की ती बाहेर, पुन्हा आत येता येत नाही. ईशा बचावात जोरात जाते, त्यामुळे तिच्या नावापुढच्या पाच चौकटींवर माझा डोळा होता. अर्ध्या वेळेपर्यंत दोन भरल्या होत्या. गुण बरोबरीचे. मी लाल पेन उघडलं. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच ईशाचा तिसरा फाउल झाला आणि तिनं हात वर केला. शिकवलेलं विसरली नव्हती.

आणि मग ब्रीडाबाई आल्या. एका हातात चहा, दुसऱ्या हातात बशी, बशीत सँडविच. तिकडे पावाला लोणी लावून आत बटाट्याचे वेफर्स भरतात आणि त्याला जेवण म्हणतात. आपण पावात चिवडा भरला तर सासू माहेरी पाठवील. सामना चालू असताना टेबलावर पाण्याचा ग्लाससुद्धा ठेवू नये, हे मी तीन पिढ्यांना शिकवलं आहे. पण बाई घरून किटलीवर टिकोजी घालून चहा घेऊन आली होती. मी हळूच नको म्हटलं. त्यांनी कप पुढे केला. मी दोन्ही हातांनी अडवत पुन्हा नको म्हटलं. त्यांनी बशी खाली ठेवून तिसऱ्यांदा आग्रह केला. माणुसकी म्हणून मी त्यांच्याकडे बघून मान डोलावली, बरं, अर्धाच.

त्याच वेळी कुठं तरी शिट्टी वाजली होती. मी वळून पाहिलं तेव्हा फिअरगल लांबूनच बोटं दाखवून परत निघाले होते. माझी चहाला डोललेली मान त्यांनी आपल्याला मिळालेली पोच समजली. ईशाचा हात वर होता. मला वाटलं, ती चेंडू मागते आहे. खेळ सुरू झाला आणि मी चहा प्यायले. चांगला होता.

क्वार्टर संपल्यावर मी बोर्डाशी ताळा केला. बोर्डावर आमच्या सगळ्या संघाचे त्या एका क्वार्टरमधले तीन फाउल, माझ्या शीटवर दोन. मी ऑरलाला विचारलं. आपलं बटण बहुतेक दोनदा दाबलं गेलं असेल, असं ती म्हणाली, आणि पुढचा शब्द तुम्हाला ठाऊक आहे. एरवी मी पंचांना बोलावलं असतं. त्या दिवशी मीही म्हटलं, ग्रँड. महिनाभरात माणूस वाया जातं ते असं.

शेवटची दीड मिनिटं उरली होती. एकावन्न-पन्नास, एक गुणानं आम्ही पुढे. हिरव्या संघाची एक लांब पायांची मुलगी आत घुसली, ईशा तिच्यावर जाऊन आदळली. शिट्टी. फाउल ईशाचा. तिनं हात वर केला.

मी निळ्या पेनानं चौथ्या चौकटीत खूण केली. आणि तो वर केलेला हात बघता बघता मला दुसरा हात आठवला, चहाच्या वाफेपलीकडचा. ती चेंडू मागत नव्हती. बोर्डावरचा तिसरा फाउल खरा होता, आणि तो हिचा होता. शीटवर चार होते. झाले होते पाच.

हे हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. ऑरला गाजर शोधत होती. फिअरगल चेंडू हातात घेऊन फाउल रेषेकडे चालले होते. शीटवर जे लिहिलं तेच खरं, हा नियमच आहे, आणि शीट माझी होती. मी खोटं सांगत नाही: मी थांबले. दोन श्वास, फार तर तीन. बुटाच्या नाड्यांकडे बघून ती जे बोलली होती ते मला जसंच्या तसं ऐकू आलं. आपण सोडून कोणाला कळणार आहे, हा विचार माझ्या मनात आला, पूर्ण आला, त्याला हातपाय होते. मग मी बझर दाबला.

फिअरगल आले. मी सांगितलं, चौदा नंबरचे पाच झाले आहेत, तिसऱ्या क्वार्टरमधला एक मी लिहिला नाही, मी चहा घेत होते. एवढं बोलायला मला आयुष्यातलं सगळं इंग्रजी लागलं. ऑरलानं बोर्डावर तीन होते असं सांगितलं आणि मान खाली घातली. फिअरगलनाही मग ती शिट्टी आठवली. डेक्लन ओरडत आले. शीटवर चार म्हणजे चार, आणि ही बाई तिची स्वतःची आजी आहे, हिला काय झालंय, असं ते पंचांना विचारत होते. प्रश्न बरोबर होता.

फिअरगलनी माझ्याकडे वाकून विचारलं, "तुमची खात्री आहे?"

"तिनं हात वर केला होता," मी म्हटलं. "मी तिला तेवढंच शिकवलंय."

ईशा बाहेर गेली. माझ्या समोरून गेली, माझ्याकडे पाहिलं नाही. टॉवेल डोक्यावर घेऊन बाकाच्या टोकाला बसली. हिरव्या मुलीनं फाउलबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो जाळीत टाकले. शेवटी चौपन्न-त्रेपन्न. आम्ही हरलो, एका गुणानं.

डेक्लनना तक्रार करायची होती. टेबलावरच्या चुकीमुळे सामना फिरला, असं त्यांचं म्हणणं, आणि चूक झाली होती हे तर मीच कबूल केलेलं. त्यासाठी खालच्या त्या चौकटीत कॅप्टनची सही हवी. त्यांनी ईशाला हाक मारली. ती टेबलाशी आली. शीट मी बंद केलेली नव्हती, एकही रेघ मारली नव्हती. तिनं माझ्या समोरचं पेन उचललं आणि शीट आपल्याकडे ओढली. ती सही करत असताना बघणं माझ्याच्यानं होईना. मी उठले आणि चहाच्या टेबलाकडे गेले. ब्रीडाबाईंनी काही न विचारता कप पुढे केला. ह्या वेळी मी एकदाही नको म्हटलं नाही.

परत येऊन सामान भरलं तेव्हा दोन्ही पेनं होती, पट्टी नव्हती. ह्या लोकांना दुसऱ्याची वस्तू सांभाळता येत नाही, असं मी मानसीला ऐकवलं. मला कोणावर तरी रागवायचं होतं.

परत

गाडीत ईशा कानात गाण्याचे बोळे घालून बसली होती. मी तिला संत्रा बर्फी दिली. तिनं घेतली आणि हातात धरून ठेवली. डब्लिनला होस्टेलवर उतरताना बाय म्हणाली. पुढे दहा दिवस तिचा फोन नाही. मानसी म्हणाली, "आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तिचं असंच असतं." तक्रारीचं पुढे काय झालं ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला वाईट वाटत होतं. हरल्याचं नाही. माझ्याविरुद्ध सही करायला तिला माझंच पेन घ्यावं लागलं, ह्याचं. आणि ती सही रास्त होती, ह्याचं जास्त.

विमानतळावर ती आली. मला जोरात मिठी मारली आणि एक पाकीट दिलं. घरी जाऊन उघड, असं सांगितलं. वाटेत उघडायचं धाडस मला झालं नाही, घरी आल्यावरही झालं नाही. देवाजवळ ठेवलं. काल संध्याकाळी, सगळे पाहुणे संपल्यावर, उघडलं.

आत स्कोअरशीटची पिवळी प्रत. शीट लिहिताना खाली कार्बनच्या प्रती निघतात, पिवळी हरणाऱ्या संघाला मिळते. कार्बनमध्ये लाल-निळं काही कळत नाही, सगळं एकाच रंगाचं. चौदा नंबरपुढे पाच खुणा. पाचवी थोडी वाकडी, ती मी बझरनंतर घातलेली.

मग मी चष्मा पुसून खाली पाहिलं. तक्रारीच्या चौकटीत सही नव्हती. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ होती, तिरपी पण सरळ, हातानं ओढलेली नाही.

पट्टी शोधणं मी आता बंद केलं आहे.